यासीनभाईंच्या नावाने बारा आकडे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही — तो शिक्षक, लगेच लाल पेन काढून बसेल. बहिणीला सांगायला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा तिच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्हाला मध्येच "जाऊ दे गं, होतं असं" म्हणता येणार नाही म्हणून. ते वाक्य मला नकोय.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

महाडातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी आहे. महाड, पोलादपूर आणि तिथून वर कुडपणच्या पठारापर्यंत आमचं जाळं. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, घरं. तारा ओढायचं काम दुसऱ्यांचं. माझ्याकडे असतो डेटाबेस. म्हणजे रकाने पाडलेलं एक अफाट टिपण, एवढं धरून चला. कुठला खांब कुठे, त्यावरची तार कुठून येते नि कुठे जाते, कुठल्या पेटीत कुठलं यंत्र, त्याचा पत्ता काय, ते कुणाशी बोलतं — सगळं त्यात. आणि खरी गंमत पुढेच आहे. हे टिपण नुसतं वाचायला नाही. सगळी यंत्रं त्याच्याकडे बघून चालतात. दर थोड्या वेळाने प्रत्येक यंत्र त्याला विचारतं, मी कसं असायला हवं? आणि तिथे जसं लिहिलंय तसं ते होतं. मी महाडात खुर्चीत बसून एका रकान्यात 'बंद' लिहिलं की पोलादपूरच्या बाजारामागच्या खोलीत एक हिरवा दिवा विझतो. पहिल्यांदा केलं तेव्हा तिथल्या माणसाला फोन करून विचारलं होतं, खरंच विझला का हो? विझला म्हणाला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं झाली, अजून येतो.

आणि हे टिपण एका जागी ठेवून भागत नाही. महाडात नदीचा पूर गावात शिरतो, त्यामुळे खालच्या मजल्यावर महत्त्वाचं काही ठेवायचं नसतं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून त्याच्या तीन प्रती. एक आमच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर, एक पोलादपूरला, एक वीरला स्टेशनाजवळच्या भाड्याच्या खोलीत. तिघी सारख्या एकमेकींशी बोलत असतात. मी इकडे एक अक्षर लिहिलं की ते त्यांना पटावं लागतं. दोघींचं जमलं की तिसरी मान डोलावते. एखादी बंद पडली तरी उरलेल्या दोघी गाडा ओढतात, आणि ती परत आली की तिला मधल्या दिवसांचं सगळं सांगून टाकतात — माहेरी जाऊन आलेल्या बाईला शेजारणी सांगतात ना, तसं. पापणी लवायच्या आत. त्यांच्यात कायमची मालकीण कोणी नाही. मला वाटायचं — हसू नका — देव असलाच तर असाच असणार. तीन गावांत आणि एकच.

पण हे टिपण भरलं कुठून? कंपनीकडे नकाशे नव्हतेच. होते नव्हते ते कागद एका वर्षी पाण्यात गेले. उरले होते फक्त यासीनभाई.

यासीनभाई आमचे लाइनमन. तेव्हा साठीच्या जवळ आलेले. महाडच्या मोहल्ल्यातले, दहा वर्षं गल्फला तारा ओढून परत आलेले. साहेबांनी — म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांनी — त्यांना माझ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, यांच्याकडून उतरवून घ्या. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. कंप्युटरचं शिक्षण घेऊन आलेली मी, आणि इथे एका माणसाच्या तोंडून ऐकून लिहायचं? काय आठवणार याला?

त्यांनी डोळे मिटले. "लिही गो बाय," म्हणाले, "हापिसाच्या गच्चीवरनं निघालो." आणि ते खरोखर निघाले — खुर्चीतल्या खुर्चीत. पहिला खांब सिमेंटचा. दुसरा लोखंडी, पायाशी गंजलेला. पुढचा रस्त्याच्या पलीकडे, तार आडवी जाते, पेंढ्याच्या गाडीला लागते. एकशे चौदावा वाकडा, शेजारी फणस, फणसाची फांदी तारेला घासते. कुठल्या जोडात निळा धागा पिवळ्याला लावलाय, कारण त्या दिवशी निळा संपला होता. कुठल्या खांबाशी कुत्रं अंगावर येतं आणि कुठल्या घरातली बाई न मागता पाणी देते. मी हे शेवटचं पण लिहून घेतलं, रकाना नव्हता तरी. रोज दुपारी दोन तास, असा दीड महिना. तिनशेच्या वर खांब. एकदाही "थांब हां, आठवतो" म्हणाले नाहीत.

मग मी पडताळायला निघाले. खरं सांगू? चूक काढायलाच निघाले. स्वभावच तसा मेला. त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून, हातात कागद घेऊन, खांब न् खांब बघितला. त्यांनी सांगितल्याहून वेगळा असा एक खांब सापडला नाही. एकसुद्धा नाही! कुडपणला पठारावर पोचलो तेव्हा वारा एवढा होता की कागद हातात ठरेना. खाली सगळं खोरं पसरलेलं. मी म्हटलं, यासीनभाई, हे सगळं तुमच्या डोक्यात मावतं तरी कसं? ते म्हणाले, "मावत नाय गो. चालून चालून आपसूक आत जातंय." माणसाच्या कवटीत एवढं खोरं! तिथे उभी राहून मला जे वाटलं ते मला पुन्हा कुठल्याही यंत्रासमोर वाटलेलं नाही.

म्हणजे बघा, तिन्ही गावांतली यंत्रं ज्याच्याकडे बघून चालतात ते सगळं यासीनभाईंच्या डोक्यातून उतरलेलं. आणि मी? चार-सहा वर्षांत मला ते माझं वाटायला लागलं. कोणी पाहुणा आला की मी 'माझा डेटाबेस' म्हणायचे. यासीनभाईंना तर त्याचं माझ्याहून कौतुक. पडद्याला बोट लावायच्या आधी हात पँटला पुसायचे. फणसाशेजारचा आपला वाकडा खांब तिथे दिसला की म्हणायचे, "आता मी मेलो तरी चालेल. ह्याच्यात हाय सगळं."

आता आमची कामाची पद्धत सांगते. माझं पाप त्या पद्धतीतच नीट बसलं.

खांबावर चढलेल्या माणसाच्या हाताला चिखल, मोबाइलला रेंज असली तर असली. तो कुठे पासवर्ड टाकून रकाने भरणार? तो फोन करायचा आणि मी लिहायचे. पण डेटाबेसला प्रत्येक ओळीपुढे नाव लागतं — काम केलं कोणी? म्हणून मी त्या त्या माणसाच्या नावानेच आत शिरायचे. सगळ्यांचे पासवर्ड माझ्यापाशी. यासीनभाईंनी स्वतःचा पासवर्ड कधी बघितलाही नव्हता. "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," म्हणायचे, "तू काय परकी हायस?" कधी हातातलं काम सोडवत नसलं तर मी आकडे कागदावर टिपून ठेवायचे आणि सवडीने दोन-तीन दिवसांनी एकदम भरायचे. सगळ्यांना माहीत होतं. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, मलाही नाही.

महाडहून पोलादपूरला जायच्या आमच्या तीन वाटा. पहिली महामार्गाच्या कडेने जमिनीखालून. ती तुटली तर दुसरी — आतल्या गावांतून, खांबांवरून. आणि अगदीच काही उरलं नाही तर तिसरी, बारीकशी, डोंगरांवरच्या तबकड्यांवरून बिनतारी. दुसऱ्या वाटेवर बारा डबे. डबा म्हणजे जिथे तारेला तार जोडलेली असते ती खांबावरची पेटी. दर सहा महिन्यांनी यासीनभाईंनी एकेका डब्यापाशी जायचं, मीटर लावायचा आणि तारेतून किती उजेड पोचतोय तो आकडा मला फोनवर सांगायचा. बारा डबे, बारा आकडे. सबंध दिवस जायचा. ते आकडे आत गेले की डेटाबेस म्हणायचा, वाट चांगली आहे. मग वेळ आली की यंत्रं डोळे मिटून त्या वाटेवर जायची.

त्या वर्षी मे महिन्यात साहेबांकडे पुण्याहून पाहुणे येणार होते, सोमवारी. आमचं जाळं बघायला. मी एक नकाशा तयार केला होता — डेटाबेसमधून आपोआप उमटणारा. सगळं खोरं पडद्यावर, आणि त्यात आमच्या वाटा हिरव्या रेघांनी. तपासणी राहिली असेल तर रेघ पिवळी, तुटली असेल तर लाल. काय सुंदर दिसायचा तो! मी घरी जायचं विसरायचे बघता बघता. आणि शनिवारी दुपारी बघते तर त्या सगळ्या हिरव्यात एक रेघ पिवळी. दुसरी वाट. तिची तपासणी राहिली होती. यासीनभाईंना पाठवायचं काम माझं, आणि मी विसरले होते.

ते शुक्रवारपासून रजेवर होते, पुतणीच्या लग्नाला. गाव काही लांब नाही. मी फोन केला असता तर रविवारी आले असते, लग्नाच्या कपड्यांत आले असते. मग का नाही केला? कारण साहेबांना सांगावं लागलं असतं की मी विसरले. एवढंच. ह्याच्यापलीकडे काही कारण नाही, शोधलं तरी सापडत नाही.

मी उठून पाणी पिऊन आले. परत बसले. आत्ताही तेच केलं, हे वाक्य लिहायच्या आधी.

मी यासीनभाईंच्या नावाने आत शिरले. तपासणीची तारीख टाकली गुरुवारची, कारण गुरुवारी ते कामावर होते. मागच्या तपासणीचे बारा आकडे समोर ठेवले. आणि ते जसेच्या तसे उतरवले नाहीत — हे सांगायला सगळ्यात जड जातंय. प्रत्येकात थोडा थोडा फरक केला. तारेतला उजेड मायनसमध्येच मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला; मायनस अठरा पॉइंट चार होतं तिथे अठरा पॉइंट सहा. एकोणीस होतं तिथे अठरा पॉइंट नऊ. आणि एका डब्याचा आकडा मुद्दाम तोच ठेवला, कारण सगळेच बदलले तर संशय येईल असं मला सुचलं. बघा, केवढा विचार केला होता! घाईत झालं, नकळत झालं, असं काही नाही. बारा आकडे, चार मिनिटं. सातव्या डब्याला मी अठरा पॉइंट दोन दिलं, म्हणजे अगदी ठणठणीत.

बटण दाबलं. महाडला पटलं, पोलादपूरला पटलं, वीरला पटलं. माझं बोट वर उचलेपर्यंत ते तीन गावांत खरं झालेलं होतं. पिवळी रेघ हिरवी झाली. मला काय वाटलं असेल तेव्हा? लाज? छे हो. मला ती रेघ सुंदर वाटली.

पाहुणे आले, नकाशा बघून वा वा करून गेले. मंगळवारी यासीनभाईंना गुपचूप पाठवायचं असं मनात होतं. पण रोजच्या कामांची यादीही डेटाबेसच देतो, आणि त्याच्या लेखी ते काम झालेलं होतं. यादीत नसलेल्या कामाला पाठवायचं तर कारण सांगावं लागणार. आज सांगू, उद्या सांगू. दोनेक आठवडे बोचत राहिलं. मग बोचायचं थांबलं.

गणपती होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमाराला महामार्गाच्या कडेची माती खचली आणि जमिनीखालची तार घेऊन गेली. मी पडद्यासमोरच होते. आणि मी जे पाहिलं — कसं सांगू? एक श्वास घ्यायच्या आत सगळं जाळं आपण होऊन वळलं. कोणी सांगितलं नाही, कोणी जागचं उठलं नाही. शेकडो घरं, कचेऱ्या, सगळ्यांचं सगळं दुसऱ्या वाटेवर. वळण घेताना पाणी जेवढा आवाज करतं तेवढाही नाही. मी खुर्चीतून उठून "वा!" म्हणाले, मोठ्याने.

आणि ती रेघ थरथरायला लागली. हिरवी, लाल, हिरवी, लाल. सातव्या डब्यात काय झालं होतं ते नंतर कळलं. उजेड क्षणात यायचा, क्षणात जायचा. वाट पुरती मेली असती तर यंत्रं तिसरीकडे गेली असती. पण ती मरेना. आणि डेटाबेस सांगत होता, वाट चांगली आहे, चारच महिन्यांपूर्वी तपासली आहे. म्हणून यंत्रं पुन्हा पुन्हा तिच्याकडेच परत जात राहिली. माझ्या शब्दावर जात राहिली.

मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. साहेब म्हणाले, दुसरी वाट तर तपासलेली आहे, दोष पोलादपूरच्या यंत्रातच असणार. मी काय म्हणाले? मी म्हणाले — हो, तसंच असेल. माणसं पोलादपूरला धावली. यंत्रं उघडली, बदलली. यासीनभाई स्वतः भर पावसात कुडपणला तबकडी बघायला चढले. दिवसभर पोलादपूरच्या कचेऱ्यांतून लोक काम न होता परत जात होते. पठारावरून दाखल्यांसाठी उतरलेली माणसं तशीच पुन्हा चढून गेली. मी महाडात बसून प्रत्येकाला फोनवर नवीन काहीतरी तपासायला सांगत होते. गप्प बसले असते तरी कमी पाप लागलं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आधी यासीनभाईच म्हणाले, मी एकदा दुसऱ्या वाटेनं चालून येतो. कोणी सांगितलं नव्हतं. सातव्या डब्याचं झाकण उघडलं आणि तिथूनच मला फोन केला. "बाय," म्हणाले, "झाकण फुटलंय. आत मुंग्यांनी घर केलंय. हे चार महिन्याचं नाय गो. सात-आठ महिन्याचं घर हाय हे." त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. तासाभरात त्यांनी जोड नवा केला आणि पोलादपूर परत आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना आणि मला बोलावलं. पडद्यावर नोंद काढली. नाव यासीन, तपासणीची तारीख गुरुवारची, बारा आकडे. सातवा डबा, अठरा पॉइंट दोन.

"गुरुवारी मी वीरच्या खोलीत बॅटऱ्या बदलत होतो," यासीनभाई म्हणाले. "लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी. नाय का?"

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. बॅटऱ्यांची नोंद आम्ही तेव्हा डेटाबेसात करत नव्हतो, म्हणून त्याचा पुरावा कुठे नव्हता — मी सोडून. त्या दिवशी वीरहून त्यांनी मला फोन केला होता. सांगायचं ना मी तेव्हा! एवढं एक वाक्य होतं बोलायचं. साहेब काही वाईट माणूस नाही. फार तर ओरडले असते.

यासीनभाई पडद्याकडे बघत राहिले. ओठ हलवत एकेक आकडा वाचला. मग त्यांचा चेहरा — त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, मी बघत होते. "यंत्रात हाय म्हणजे मी गेलो असणार," ते म्हणाले. "ते कशाला खोटं बोलेल?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. जाब विचारायला नाही हो! धीर मागायला. मी पडद्याकडे बघितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन काम सोडलं. कोणी काढलं नाही, साहेबांनी उलट राहा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसानं खांबावर चढू नये, खाली दुसरी माणसं असतात. निरोपाचा कार्यक्रम मी ठरवला. शाल, नारळ, पेढे. भाषणही मीच केलं. त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल बोलले — खुर्चीत बसून तिनशे खांब कसे सांगितले, ते सगळं. माणसं हळहळली. यासीनभाई मान खाली घालून हसले, लहान मुलाचं कौतुक ऐकावं तसे, जे मूल आता राहिलं नाही.

त्या बारा ओळी अजून आहेत. आमचा डेटाबेस जुनं काही पुसत नाही. आणि त्यात आणखी एक रकाना आहे, जो कोणी उघडून बघत नाही: ओळ प्रत्यक्षात लिहिली कधी. शनिवार, दुपार, चार मिनिटांत बारा ओळी. एकदम भरायची माझी सवय सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कोणी बघितलं असतं तरी वावगं वाटलं नसतं. पण त्याने लिहून ठेवलंय. मी त्याला खोटं दिलं, त्याने ते खोटंही इमानाने सांभाळलं, मिनिट-सेकंदासकट, तीन गावांत. महाडात पाणी शिरलं तरी ते पोलादपूरला राहील, पोलादपूर बंद पडलं तरी वीरला. मी कधीकधी उघडून बघते ते. एवढं प्रामाणिक असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

यंत्रांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्याचं मला फार वाटत नाही. त्यांना तसंच केलेलं असतं. पण ज्या माणसाच्या डोक्यातून ते सगळं उतरलं, त्याने त्याच टिपणासमोर आपलं डोकं खाली ठेवलं. स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवलं, मला नाही. ह्याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही. विचार करायला लागले की कुडपणच्या पठारावर उभं राहिल्यासारखं होतं, पायाखाली काही नसल्यासारखं.

ह्याला आता पाच वर्षं झाली. यासीनभाईंचं घर माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, रुबीनाचा फोन आला, ताई, अब्बा तुमची फार आठवण काढतात, येऊन जा ना. गेले.

तब्येत चांगली आहे. रुबीनाने त्यांना डॉक्टरांना दाखवलं होतं, दोनदा. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीला काही झालेलं नाही, तुमच्या वयाला उत्तम आहे. यासीनभाईंना ते पटत नाही. उशाशी वही असते, तीत सगळं लिहितात. दार लावलं. गोळी घेतली. नळ बंद केला. रुबीना बाजारात गेली. एकटे घराबाहेर पडत नाहीत — वाट चुकेन म्हणतात. रुबीना हे मला हसत हसत सांगत होती, वडिलांचं कौतुक म्हणून. ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बाय, एक इचारू? खरं सांगशील?"

कळलं ह्यांना, असं वाटलं. आणि — लिहिते आता सगळंच — क्षणभर फार बरं वाटलं.

"त्या गुरुवारी मी गेलतो ना? का कुठं सावलीला बसून तुला आकडे सांगितले?" आवाज अगदी खाली आणला होता, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. "गेलो नि विसरलो, तर अल्लाची मर्जी. म्हातारपण हाय. पण न जाता सांगितले असतील तर... मी असा माणूस होतो का गो? पाच वर्षं हेच चाललंय मनात."

दोनच शक्यता त्यांनी धरल्या होत्या. एकतर आपण विसराळू, नाहीतर आपण लबाड. तिसरी त्यांच्या मनाला शिवलीही नव्हती. तिसरी समोर बसली होती, पदर सावरत.

"गेला होतात यासीनभाई," मी म्हटलं. "प्रत्येक डब्यावरून फोन केला होतात मला. ऊन फार होतं त्या दिवशी. सातव्या डब्याचं झाकण नंतर फुटलं असेल."

त्यांनी डोळे मिटून घेतले. केवढा तरी श्वास सोडला. मग उठले, पाच वर्षांपूर्वी उठायचे तसे एका झटक्यात, आणि आत हाक मारली, "रुबीना! चाय नको, बायला जेवण वाढ. जेवल्याबिगर सोडायची नाय." ताटावर बसून ते सारखे बोलत होते, हसत होते. रुबीना माझ्याकडे बघून डोळे पुसत होती, तुम्ही आलात म्हणून अब्बा असे बोलले म्हणाली. माशाचं कालवण होतं आणि तांदळाची भाकरी, तव्यावरून थेट ताटात येणारी. मी दोन खाल्ल्या. तिने तिसरी वाढली तेव्हा नको म्हटलं नाही.